छत आणि सांधा
प्रवासाच्या सार्वजनिक जागांकडे पाहण्याची एक रीत

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांची प्रबंध-प्रदर्शने मी गेली बारा-तेरा वर्षे नेमाने पाहत आलो आहे. पूर्वी या प्रदर्शनांत संग्रहालये, कलाकेंद्रे, ध्यानकेंद्रे आणि डोंगरउतारावरची विश्रामगृहे यांचीच रेलचेल असे. अलीकडे मेट्रो स्थानक, बस टर्मिनस, रेल्वे-मेट्रो-बस एका छताखाली आणणारी संकुले असे विषय वाढले आहेत. हा बदल मला मोलाचा वाटतो. जो मुलगा डोंबिवलीहून लोकलला लटकत कॉलेजला येतो, त्याला आपण रोज ज्या जागेत घुसमटतो ती जागा सुधारावीशी वाटणे यापेक्षा निरोगी कुतूहल कोणते?

पण या तक्त्यांपुढे थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट खटकू लागते. जवळजवळ प्रत्येक प्रकल्पाचा जीव छतात असतो. छत कधी पानासारखे, कधी पक्ष्याच्या पंखासारखे, कधी लाटेसारखे. छताखाली चार-दोन माणसे रेखाटलेली असतात. ती सडपातळ असतात, एकमेकांपासून लांब उभी असतात आणि कुणालाच घाई नसते. कुणाच्या डोक्यावर पाटी नसते, कडेवर मूल नसते, हातात ओली छत्री नसते. त्या चित्रांत सकाळचे सव्वानऊ कधी वाजलेलेच नसतात.

मी वास्तुविशारद नाही. जुने अहवाल, नकाशे, थोडी पुस्तके आणि तीस वर्षांचा लोकलचा पास एवढेच माझे भांडवल. त्या भांडवलावर मला असे म्हणायचे आहे की प्रवासाच्या सार्वजनिक जागेचा कस तिच्या सांध्यांवर लागतो. रेल्वेच्या मराठीत सांधा म्हणजे जिथे एक रूळ दुसऱ्याला मिळतो ती जागा. तिथे काम करणाऱ्या माणसाला सांधेवाला म्हणत. माणसांच्या प्रवासालाही असे सांधे असतात: फलाट आणि डबा यांमधली फट, फलाट आणि जिना, जिना आणि पूल, पूल आणि रस्ता, एका संस्थेची हद्द आणि दुसरीची हद्द. माणसे अडखळतात, अडकतात आणि मरतात ती बहुधा या सांध्यांवर. आपली वास्तुसमीक्षा आणि आपले वास्तुशिक्षण मात्र अजून छताकडेच पाहत आहे.

ही सवय जुनी आहे. स्थानक म्हटले की आपल्यापुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभे राहते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची ही इमारत १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पूर्ण झाली. तिच्या अलंकरणात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधी ॲक्सेल हेग या चित्रकाराने तिचे जलरंगातले देखणे चित्र तयार केले होते. आज विद्यार्थी संगणकावर जे ‘रेंडरिंग’ करतात, त्याचे हे पूर्वजच. या वास्तूच्या थोरवीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिचा आराखडा नीट वाचला तर एक मजेदार गोष्ट दिसते. तो प्रसिद्ध घुमट प्रवाशांच्या डोक्यावर नाही. तो आहे रेल्वे कंपनीच्या कचेरीच्या भव्य जिन्यावर. गाड्या आणि फलाट इमारतीच्या बगलेला, वेगळ्या छपराखाली आहेत. लोकलने येणारा नोकरदार आयुष्यभर या स्थानकातून ये-जा करतो आणि घुमटाखाली त्याचे पाऊलही पडत नाही.

स्टीव्हन्स यांना यात दोष देता येणार नाही. त्यांना कंपनीचे मुख्यालय बांधायचे होते आणि त्या काळी उपनगरी गर्दी हा प्रश्नच नव्हता. पण त्या इमारतीने आपल्या डोक्यात एक समीकरण पक्के केले: स्थानक म्हणजे शहराचा चेहरा. तेव्हापासून आपण चेहरेच घडवत आलो. पुण्याच्या मेट्रोची छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना ही स्थानके मावळ्याच्या पगडीवरून बेतलेली आहेत. ती पगडी दिसते नदीपलीकडून, पुलावरून, छायाचित्रातून. आत गाडीची वाट पाहणाऱ्याला पगडी दिसत नाही, त्याच्या दृष्टीने ते छप्पर असते. खेड्यातल्या फाट्यावरचा प्रवासी निवाराही याच कुळातला. त्याच्या कपाळावर निधी देणाऱ्या लोकप्रतिनिधीचे नाव गावाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असते आणि पाऊस तिरका आला की आतले सगळे भिजतात.

आता सांध्यांकडे येऊ. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानके जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यात २३ माणसे गेली. तो पूल कोसळला नव्हता, ही गोष्ट मला पुन:पुन्हा सांगावीशी वाटते. कुठला खांब खचला नाही, कुठली तुळई तुटली नाही. पावसाची सर आली, उतरणारी माणसे आडोशाला जिन्याच्या तोंडाशी थबकली आणि मागून एकामागून एक गाड्यांची माणसे येत राहिली. अभियांत्रिकीच्या भाषेत तो पूल शाबूत होता. तो अपुरा होता.

हा अपुरेपणा एका दिवसात आला नव्हता. हा सगळा गिरणगावचा परिसर. इथला कामगार चाळीतून चालत गिरणीत जाई. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुढच्या काळात त्यांच्या जमिनींवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. मनोऱ्यात काम करणारा माणूस शेजारच्या चाळीत राहत नाही, तो विरारहून येतो, कल्याणहून येतो. जमिनीचा वापर बदलला, गर्दीची दिशा बदलली, तिचा आकार बदलला. पूल तोच राहिला. त्या मनोऱ्यांच्या दर्शनी भागांवर वास्तुकलेच्या नियतकालिकांत लेख आले. त्या मनोऱ्यांत पोचवणाऱ्या जिन्याची रुंदी हा कुणाच्या समीक्षेचा विषय झाला नाही. दुर्घटनेनंतर लष्कराच्या मदतीने नवा पूल बांधला गेला आणि फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस तो खुलाही झाला. म्हणजे काम अशक्य कोटीतले नव्हते. २३ माणसे जाईपर्यंत ते कुणाचेच नव्हते, एवढेच.

‘कुणाचेच नसणे’ हे सांध्याचे खरे दुखणे आहे. परळ मध्य रेल्वेचे, एल्फिन्स्टन पश्चिम रेल्वेचे. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. पूल महापालिकेचा, खालचे रूळ रेल्वेचे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेला हिमालय पूल पडला, माणसे गेली आणि पहिल्या काही तासांत चर्चा कसली झाली, तर पूल रेल्वेचा की पालिकेचा! ज्या घुमटाची छायाचित्रे जगभर जातात, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर हे घडले. चेहरा जपलेला होता, सांधा निखळलेला होता.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने एक जुने पुस्तक अवश्य पाहावे. जॉन फ्रुइन यांचे पादचाऱ्यांच्या नियोजनावरचे पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रुइन यांनी माणसाच्या शरीराला वरून पाहिले आणि त्याभोवती एक लंबवर्तुळ काढले: १८ इंच खोल, २४ इंच रुंद. या लंबवर्तुळांत किती मोकळी जागा उरते त्यावरून त्यांनी पदपथ, जिने आणि रांगा यांच्या सोयीच्या पायऱ्या ठरवल्या. पुढे गर्दीतल्या दुर्घटनांचा अभ्यास करताना त्यांनी दाखवले की एका चौरस मीटरमध्ये सातेक माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. तिथे एकट्या माणसाच्या इच्छेला अर्थ उरत नाही. आपल्या लोकलच्या डब्यात ऐन गर्दीच्या वेळी चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी असतात आणि त्या अवस्थेला रेल्वेच्या परिभाषेत स्वतंत्र नावही आहे. फ्रुइन जिथे धोक्याची रेघ ओढतात, त्याच्या दुप्पट गर्दीत आपण वर्तमानपत्राची घडी घालून वाचतो, भजन करतो, भाजी निवडतो. या सवयीचे आपण कौतुक करतो, त्याला मुंबईची जिद्द म्हणतो. पण डब्यात ही गर्दी निदान स्थिर असते. तीच गर्दी अर्ध्या मिनिटात फलाटावर ओतली जाऊन एका जिन्याकडे वळते तेव्हा जिद्द कामाला येत नाही. तिथे फक्त जिन्याची रुंदी कामाला येते.

अर्थात फ्रुइन यांचे लंबवर्तुळही आपल्याला पुरे पडत नाही. त्यात मासळीची पाटी बसत नाही. डबेवाल्याची डब्यांनी भरलेली लाकडी पाटी बसत नाही. गरोदर बाई, तिच्या पदराला धरलेले मूल, गणपतीत गावाला निघालेल्या कुटुंबाच्या सहा पिशव्या, यांतले काही बसत नाही. आपल्या स्थानकांतला माणूस मोजण्यासाठी आपले लंबवर्तुळ आपल्यालाच काढावे लागेल. वास्तुकलेच्या एखाद्या महाविद्यालयाने पाच वर्षे फक्त एवढेच काम केले तरी ते पुरेसे मोठे संशोधन होईल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. वास्तुविशारद म्हणतात, जिना आणि पूल आमच्या हातात असतो कुठे? ते अभियंते ठरवतात, आम्हाला बोलावतात ते दर्शनी भाग सजवायला. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण म्हणूनच विद्यार्थिदशा महत्त्वाची. प्रबंधात तरी कुणी हात बांधलेले नसतात. तिथेही विद्यार्थी आपणहून दर्शनी भागच निवडत असेल, तर उद्या त्याला जिना कोण देईल?

हा प्रश्न आजच निकडीचा होण्याचे कारण आहे. ६ ऑगस्ट २०२३ ला अमृत भारत स्थानक योजनेखाली देशातल्या ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी एकाच दिवशी झाली. गावोगावच्या स्थानकांची संकल्पचित्रे आपण पाहिली. त्या निमित्ताने एक शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो, ‘विमानतळासारखे स्थानक’. या उपमेतच घोटाळा आहे. विमानाचा प्रवासी वर्षातून चार वेळा जातो, दोन तास आधी येतो, त्याचे सामान दुसरे कुणी वाहते आणि त्याला दुकानांतून फिरवण्यात विमानतळाचा फायदा असतो. उपनगरी प्रवासी दिवसातून दोनदा येतो, त्याच्याजवळ तीन मिनिटे असतात आणि त्याच्या वाटेत आलेले प्रत्येक दुकान, प्रत्येक वळण, प्रत्येक कारंजे म्हणजे अडथळा. लांबच्या गाडीने जाणारा प्रवासी तिसऱ्याच जातीचा. तो चार तास बसून राहतो. त्याला बाक हवा, पंखा हवा, पाणी हवे, स्वच्छ शौचालय हवे. मुंबईतल्या स्त्रियांना शौचालयासाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालवावी लागली, ही आपल्या सार्वजनिक जागांवरची सर्वांत कडक समीक्षा आहे आणि ती कुठल्या वास्तुसमीक्षकाने लिहिलेली नाही.

चांगले उदाहरणही जवळच आहे. वास्तुकलेच्या पुस्तकांत नवी मुंबईच्या रेल्वे स्थानकांना फारसे स्थान नाही. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना साठच्या दशकात मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, पण मानखुर्द-वाशी मार्ग सुरू व्हायला १९९२ उजाडले. शहर आधी आणि आगगाडी मागाहून, हा उशीर त्या शहराला महाग पडला. तरीही या मार्गावरच्या अनेक स्थानकांत प्रवाशाला पूल चढावा लागत नाही. तो रुळांखालच्या रुंद भुयारी वाटेतून जातो, तिथे सावली असते, वारा असतो. काही दालने गरजेपेक्षा मोठी झाली, काही ओसाड पडली, बाहेर पडल्यावर रिक्षाची रांग आहेच. पण तिथे जिन्याच्या तोंडाशी जीव मुठीत धरावा लागत नाही. याचे श्रेय मी कुणा एका आराखड्याला देत नाही. त्या मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. शहर वसवणारा आणि गाडी चालवणारा यांनी पैसा एकत्र घातला, म्हणून त्यांच्या हद्दींमधली जागा कुणाची तरी झाली. सांधा आधी कराराच्या कागदावर जुळावा लागतो, मग तो काँक्रीटमध्ये जुळतो.

विद्यार्थ्यांच्या तक्त्यांवर परदेशी नमुन्यांत ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराच्या बसव्यवस्थेचे नाव हमखास असते. तिथले महापौर जैमी लर्नर स्वतः वास्तुविशारद होते. १९९१ मध्ये तिथे नळकांड्यासारखे काचेचे बसथांबे आले. तक्त्यावर येतो तो नळकांड्याचा आकार. त्याचा खरा गुण वेगळा आहे: प्रवासी आत शिरतानाच पैसे देतो आणि थांब्याची जमीन बसच्या जमिनीच्या पातळीला असते, त्यामुळे दार उघडताच तो सरळ चालत आत जातो. म्हातारा माणूस, व्हीलचेअर, बाबागाडी, सगळ्यांना तीच वाट. पुण्याने २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग सुरू केला तेव्हा बससाठी वेगळी मार्गिका आली. थांबा मात्र रस्त्याच्या मध्यावर, आणि तिथे पोचायचे तर धावत्या वाहनांतून वाट काढायची. मार्गिका आली, उंबरठा आला नाही. मुंबईतही फलाट आणि डबा यांच्यातल्या फटीने अनेकांचे हातपाय घेतले, न्यायालयाने कान पिळले, तेव्हा फलाटांची उंची वाढवण्याचे काम नेटाने सुरू झाले. काही इंचांचा प्रश्न होता. त्या इंचांना कुठल्याही प्रदर्शनात पारितोषिक मिळालेले नाही.

आणखी एक उदाहरण चार्ल्स कोरिया यांचे, पण त्यांच्या प्रसिद्ध इमारतींपैकी नव्हे. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईतल्या वर्दळीच्या पदपथांसाठी एक साधी सूचना केली होती. पदपथाच्या कडेला सुमारे २ मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच ओटा बांधायचा, अधूनमधून पाण्याचे नळ ठेवायचे. दिवसा तिथे फेरीवाले बसतील आणि चालणाऱ्याला वाट मोकळी राहील, संध्याकाळी ओटा धुतला जाईल, रात्री बेघर माणसे त्यावर झोपतील. योजना कागदावरच राहिली. तरी तिच्यातला विचार मला स्थानकांसाठी फार महत्त्वाचा वाटतो. कोरियांनी फेरीवाल्याला चित्रातून पुसून टाकले नाही. जो आहे, तो राहणार, हे धरून त्यांनी त्याला जागा दिली आणि त्यातूनच चालणाऱ्याची जागा सोडवली. याउलट २००८ पासून आपण स्कायवॉक बांधले. रस्त्यावरची गर्दी जशीच्या तशी ठेवून चालणाऱ्यालाच वर उचलले. ज्याच्या पायांत बळ आहे त्याने चढावे, बाकीच्यांनी खाली धक्के खावेत!

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा प्रबंध पाहण्यात आला. विषय होता दादर. तिने दोन महिने छताची एक रेघही काढली नव्हती. एका जिन्याचा पायथा निवडून वेगवेगळ्या वेळी ती तिथे उभी राहत होती आणि माणसे कुठे थांबतात याच्या नोंदी करत होती. माणसे इंडिकेटरखाली थांबतात, कारण तिथून पुढे तो दिसत नाही. छत्री उघडायला, मिटायला थांबतात. फोन लागतो म्हणून थांबतात. चुकलेल्या माणसाला वाट सांगायला थांबतात. तिच्या प्रस्तावात इमारत जवळजवळ नव्हतीच. इंडिकेटर दहा पावले पुढे, जिन्याच्या तोंडावरचे छप्पर बाहेर वाढवलेले, म्हातारा माणूस क्षणभर टेकेल एवढा एक खोबणीतला बाक, असे बदल होते. परीक्षकांनी तिला विचारले, ‘यात डिझाइन कुठे आहे?’ तिला फार गुण मिळाले नाहीत असे कळले.

मला वाटते, तो प्रश्न उलट दिशेने विचारायला हवा होता. दादरचेच पाहा. या एका स्थानकात वर्षानुवर्षे दोन ‘एक नंबर’ फलाट होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. नवखा माणूस सामान घेऊन जिने चढायचा, उतरायचा आणि गाडी दुसऱ्याच एक नंबरवरून सुटायची. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे फलाट १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले गेले. वीट हलली नाही, पाट्या बदलल्या. पण दोन रेल्वेंनी मिळून एक स्थानक मोजले आणि रोज किती तरी माणसांची उलटी पायपीट वाचली. हे डिझाइन नसेल तर डिझाइन कशाला म्हणायचे?

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांतही दरसाल अडीच हजारांच्या आसपास माणसे मरतात आणि त्यांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो. त्यांना बेशिस्त म्हणून मोकळे होता येते. पण माणूस रूळ ओलांडतो तेव्हा तो आपल्या पायांनी एक रेघ काढत असतो: वाट इथे हवी होती, ती तिकडे दिली. शहराच्या नकाशावर अशा रेघा कुठे कुठे उमटल्या आहेत ते वाचायला शिकणे, हा या विषयाचा पहिला धडा असावा. छत त्यानंतर काढता येईल. उन्हापावसात तेही लागतेच.